सोललेल्या काठ्या

न्तते मोखेले रविवारी उशिराच येतो,
घोड्यावरून, खांद्यावरची घोंगडी मोठ्या पिनेनं टाचून,
आणि पत्र्याच्या देवळात चष्मा लावून सांगतो:
ही गोष्ट मेंढरांची नाही.

आम्ही बायका हसतो. आमच्या हातांना अजून
लोकरीचं तेल असतं,
आठवडाभर कातरणीच्या शेडमध्ये
पाठीवरची वेगळी, पोटाखालची मळकी वेगळी
करून करून नखं मऊ पडलेली.
मेंढरांची नाही तर कुणाची, न्तते?

लाबान म्हणजे घड्याळ, तो म्हणतो.
राबवून घेतं आणि दहादा मजुरी बदलतं.
याकोब म्हणजे तुमच्यातला तो,
जो डोळे मिटल्यावर पाहतो.
काठ्या म्हणजे चित्रं. साल काढा,
आतला पांढरा पट्टा दिसू द्या.
आणि डोण म्हणजे झोपेच्या अलीकडची घटका:
तहानलेलं मन तिथे मान खाली घालतं,
पिता पिता जे पाहतं
तसंच वितं.

मनी वसे ते स्वप्नी दिसे,
स्वप्नी दिसे ते दारी येई.
इतकं सरळ सूत त्याच्या चातीवर.

मोलेफी तेव्हा वेल्कोमला होता,
सोन्याच्या खाणीत, पाताळात.
मोलेफी म्हणजे फेडणारा. त्याच्या आईनं
कुणाचं देणं मनात धरून नाव ठेवलं, देव जाणे.
मी पीचची एक काठी सोलली, वाळुंजाची एक,
उशाशी ठेवल्या. लिनेओ म्हणाली, आई, सर्पण?
मी म्हटलं, हो, सर्पणच.

रोज दिवा फुंकला की
येऊ दे म्हणायचं नाही.
आला आहे, असं ऐकायचं.
उंबऱ्यावर आधी डावा बूट, मग उजवा.
किटलीचं झाकण.
दोन मग, दुसरा आतून ओला.
सात वर्षं.
लोक म्हणायचे, काळ पुढे जातो;
मी तो रोज रात्री
शेवटाकडून विणत आले.

जुलैत बर्फ पडलं, बस खालीच अडकली.
आणि डावा बूट वाजला उंबऱ्यावर.
मग उजवा.
अगदी तसाच! मी ओरडले असेन,
कारण कोंबड्या उडाल्या.

पहाटे कळलं.
छातीत कुणी खडी चाळत होतं रात्रभर.
प्लास्टिकच्या पिशवीत भरपाईचे कागद,
शिक्का नसलेले.
माझ्याकडे पाहून म्हणाला, तू ती नव्हेस ना,
दाराशी उभी होतीस ती?
मीच ती, मी म्हटलं.
आणि तो? ते मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मी उभी राहिले.
न्तते, काठ्यांच्या एक पान मागे जा.
सात वर्षं त्याला थोड्या दिवसांसारखी गेली, ते वाचता तुम्ही.
सकाळचं वाचत नाही.
रात्री राहेल आत नेली,
उजाडलं तर लेआ, निस्तेज डोळ्यांची.
तिचा अर्थ काय लावायचा?

वर पत्रा उन्हानं कडकडला.
मात्सेलिसोचं तान्हं दूध पिता पिता थांबलं.
न्ततेनं चष्मा काढला, घोंगडीच्या टोकानं पुसला,
पुन्हा पुसला.
ते मला अजून कळलेलं नाही, म्हणाला.
त्या दिवशी पहिल्यांदा
मी त्याच्या घोड्याला ओंजळभर मका दिला.

घरी आले तर मोलेफी
गोठ्याच्या दगडी भिंतीला टेकून उन्हात.
हातात चाकू, मांडीवर वाळुंज,
साल लांब लांब निघत होती.
कशासाठी, मी विचारलं.
हात रिकामे होते, तो म्हणाला.
आज वार कोणता?

मी वार सांगितला.
पाणी आणलं.
तो मान खाली घालून पिऊ लागला,
घोटाघोटाला थांबत,
आणि मी तिथेच उभी राहिले, हलले नाही,
पिता पिता
त्याला दिसावी म्हणून.